रवा काढा, मैदा करू नका

हे चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळ कागदाच्या काठाकडे घसरली असेल, तर ज्याच्या हाती हे लागेल त्यानं मनात हसावं आणि वाचावं. तसं कोणाच्या हाती लागावं म्हणून मी लिहीत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागद उलटून काही विचारत नाही, म्हणून बरा वाटतो. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली चालते, पण लिहायला मी शाळेतली मराठीच शिकले.

आमचा तांडा मारेगावपासून आत, टेकडीच्या पायथ्याशी. तांड्यात जिना असलेलं स्लॅबचं घर तेव्हा आमचं एकट्याचं होतं. एक दिवस जुन्या लुनावर एक माणूस आला. साठीच्या आसपास वय, गळ्यात मफलर, पायात दोन रंगांचे मोजे. आमचे हे ओट्यावर बसले होते. त्यांना वाटलं खोली विचारतो आहे.

"खोली नाही पाह्यजे," तो माणूस म्हणाला. "गच्ची भाड्यानं देता काय?"

"गच्चीवर का करसान?"

"आभाळाचे फोटो काढीन."

"आभाळ तं फुकट हाय. भाडं कायचं देता?"

"अंधाराचं. यवतमाळात अंधार भेटूनच नाई राह्यला आता."

आमचे हे वर आभाळाकडे बघू लागले. महिन्याचं भाडं हातात पडलं तेव्हा खाली बघितलं. मग खाली कापसाच्या खोलीत बाज टाकून दिली, आणि माझ्या हातची भाजी-भाकर ठरली. असे दोन हिवाळे ते आमच्याकडे राहिले.

यवतमाळात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आले आणि स्टुडिओ बसला. पण ते सांगायचे की स्टुडिओ मोबाईलमुळे नाही बंद झाला, मैद्यामुळे झाला. ते कळायला मला बरेच दिवस लागले.

गच्चीचे त्यांचे कायदे होते. अंधार पडल्यावर कोणी वर धपधप चालायचं नाही, स्लॅब हलते. पांढरा शर्ट घालून यायचं नाही. दोरीवर कपडे ठेवायचे नाहीत, फडफडतात. बॅटरीला त्यांनी लाल पन्नी लावली होती, आणि त्या लाल उजेडात ते वांग्याची भाजी खायचे. मी एकदा विचारलं, "भाऊ, मिरची दिसते का?" तर म्हणाले, "दिसत नाई वहिनी, पण थे मले शोधून काढते."

सगळ्यांत नवल झाकणाचं. कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं काळं झाकण काढून ते बराच वेळ आभाळाचे फोटो काढत. मग तेच झाकण परत लावून, तितकाच वेळ, तसेच फोटो काढत. झाकण लावून! तांड्यात ही गोष्ट पसरायला एक सकाळ पुरली. लोक त्यांना झाकणभाऊ म्हणू लागले. त्यांनाही ते नाव आवडलं. फोनवरसुद्धा म्हणायचे, "हो, झाकणभाऊच बोलून राह्यलो."

माझ्या सासूला आम्ही सगळे याडी म्हणतो, म्हणजे आई. ती तोंडावर बोलणारी. एकदा तिनं विचारलंच, "काहून रे बाबा, झाकण लावून का दिसते तुले?"

"कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग दिसते, याडी."

मग त्यांनी लॅपटॉपवर आम्हाला दाखवलं. अंधारात कॅमेऱ्याला डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. त्यात तो तापतो आणि फोटोत बारीक ठिपके पडतात. लाल, निळे, पांढरे. भाऊ त्याला रवा म्हणायचे. "फोटोत रवा पडला," असं. काही रवा कॅमेऱ्याच्या अंगचा असतो, दरवेळी त्याच जागी पडतो. झाकण लावलं की आभाळ नसतं, तेवढाच उरतो. मग आभाळाच्या फोटोतून तो वजा करायचा. उरलेला रवा भटका. आज इथं, उद्या तिथं. त्यासाठी एकाच आभाळाचे पुष्कळ फोटो काढून एकावर एक ठेवायचे. तारा प्रत्येक फोटोत जागेवर भेटतो, रवा भेटत नाही, म्हणून तो विरून जातो.

"इतकी मेहनत कायले?" आमचे हे म्हणाले. "माया मोबाईलमंदी एक बटन हाय. दाबलं का सारं साफ."

भाऊंचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या ताटात पाय दिला. "थे बटन रवा काढत नाई," ते म्हणाले. "थे मैदा करते. रव्यासंगं बारीक तारे बी दळून टाकते. आभाळ कसं गुळगुळीत, लग्नातल्या नवरीसारखं! स्टुडिओत बी लोकाईले अशेच चेहरे पाह्यजे, म्हनून बंद केला. रवा काढा, मैदा करू नका."

हे वाक्य त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. भाजीत बेसन जास्त झालं तरी तेच, आणि पुढारी भाषण करून गेला तरी तेच.

पण ते नुसतं बोलायचे नाहीत. याडीच्या एका कागदासाठी फोटो हवा होता. आधी एका दुकानातून काढून आणला तर याडीनं तो हातात घेऊन मला विचारलं, "ही कोनाची बाई?" दुकानातल्या पोरानं तिच्या सुरकुत्या पुसल्या होत्या. कपाळावरचं, गालावरचं गोंदणही डाग समजून साफ केलं होतं. भाऊंनी तिला गच्चीच्या जिन्यावर बसवलं, सकाळच्या उन्हात. त्या फोटोत गोंदणाचा एकेक ठिपका होता. याडीनं बोट ठेवून ते मोजले. मग म्हणाली, "हे तोंड मायं." गालावर एक माशी बसली होती, ती मात्र भाऊंनी काढून टाकली होती.

त्या फोटोमुळेच मी पुढे तोंड उघडलं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना मोठं काम आलं. केळापूरकडच्या एका शेठनं नवीन मंगल कार्यालय बांधलं होतं. स्टेजच्या मागची पूर्ण भिंत ताऱ्यांनी भरलेली हवी होती. कॅनव्हासवर छापायचं, आपल्याच टेकडीवरचं आभाळ. भिंतीएवढा फोटो म्हणजे रव्याचा दाणाही बोराएवढा दिसणार. त्यासाठी ताऱ्यांबरोबर कॅमेऱ्याला हळूहळू फिरवणारं एक यंत्र लागत होतं. शेठ म्हणे, काम पाहीन मग पैसे देईन. भाऊंजवळ लुना होती आणि मोजे होते.

आमच्या बायकांचा बचत गट आहे, भाऊंनी तिथं पैसे मागितले. गट बाहेरच्याला पैसे देत नाही, आणि एक मोठं कर्ज परत आल्याशिवाय दुसरं निघत नाही. पुढचा नंबर सोनाबाईचा होता. तिला पिठाची चक्की घ्यायची होती. बैठक समाजमंदिरात. भाऊ बाहेर लिंबाखाली उभे, आत अध्यक्ष लिलाबाई म्हणाली, "आपल्या नियमात नाई बसत. सांगून द्या त्याले."

मी नेहमीसारखी दाराजवळ बसले होते. कशी काय, पण मी म्हणाले, "माया नावावर द्या."

सगळ्या मागे वळल्या. लिलाबाईनं चष्मा वर केला. "ही कोन बोलली?"

"ही बोलली," सोनाबाई म्हणाली. "बोलते बाप्पा ही! पर मायी चक्की?"

"चक्की येईन," मी म्हणाले. "त्याच्या आधी पैसे येतीन."

पंचवीस हजार मिळाले. घरी आल्यावर आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलले तेव्हा न बोलणं बरं होतं. मला पैशाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही की गटात मी पहिल्यांदा एक शब्द दिला होता, आणि तोच खोटा पडला तर पुन्हा दाराजवळही बसता येणार नाही.

यंत्र आलं. जानेवारीची कडक थंडी, आभाळ काचेसारखं. भाऊंनी मृगाची तिफण म्हणजे ओळीतले तीन तारे, कृत्तिकांचा झुबका, खाली आमची टेकडी, सगळं टिपलं. मग झाकण लावलं, कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायला लावून दिलं आणि खाली येऊन झोपले.

एवढे फोटो एकावर एक ठेवता ठेवता महिना गेला. मग एक दिवस लॅपटॉपसमोरून ओरडले, "आभाळाले देवी आल्या!"

मी धावत गेले. खरंच, पूर्ण आभाळाला काळे खड्डे. देवीच्या वणासारखे.

"त्या रात्री कॅमेऱ्याले कोनी हात लावला?"

"मीनं," याडी म्हणाली. तिला वाटलं शाबासकी मिळणार. "उजाडाच्या आधी वर गेली तं थे लेकरू थंडीनं काकडून राह्यलं होतं. नुसतं टिकटिक, टिकटिक. घरात आनलं, गोधडीत गुंडाळलं, शेगडीजवळ ठेवलं. मंग सकाळी वापस नेऊन ठेवलं."

म्हणजे आभाळाचे फोटो थंडीत निघाले, आणि झाकणाचे निघाले याडीच्या गोधडीत. गरम कॅमेऱ्यात रवा जास्त पडतो. तो सगळा वजा केला, तर आभाळाच्या फोटोत नव्हता तोही वजा झाला, म्हणून खड्डे पडले.

भाऊ याडीकडे वळले. मला वाटलं आता भांडण. ते जमिनीवर बसले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पंधरा वर्सं झाली हा कॅमेरा घेऊन फिरून राह्यलो," ते म्हणाले, "त्याले गोधडी देनारं कोनी भेटलं नोतं."

हसून झाल्यावर त्यांनी विचार केला. आभाळ पुन्हा टिपायची गरज नव्हती. झाकणाचेच फोटो नव्यानं पाहिजे होते, पण तितक्याच थंडीत. आणि थंडी तर गेली होती. फेब्रुवारी संपत आला होता, माठ भरायला सुरुवात झाली होती. शेठचा फोन रोज येत होता. सोनाबाई पाण्याला जाताना रोज आमच्या दारापुढून जायची आणि मला ऐकू जाईल असं कोणाला तरी म्हणायची, "गहू तं तयार हाय बाई, चक्कीच आभाळात हाय."

भाऊंनी थंडी शोधून काढली. मारेगावात, स्टँडजवळच्या थंड्याच्या दुकानात, काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये. कोंबडीवाल्याच्या शेडमधलं तापमान बघायचं यंत्र मागून आणलं. फ्रीजचं बटण फिरवून फिरवून त्या रात्रीएवढी थंडी जमवली. वरच्या दोन खणांतल्या बाटल्या काढून तिथं झाकण लावलेला कॅमेरा ठेवला, काचेतून उजेड जाऊ नये म्हणून घोंगडं टाकलं. भर दुपारी.

मी बाजाराला गेले होते. त्यांनी मला हाक मारली. दुकानदार कपाळाला हात लावून बसला होता.

"भाऊ, आतमंदी फोटो कायचा निघून राह्यला?"

"अंधाराचा."

"अन् माया गिऱ्हाइकाचं का?"

"त्याहीले साधा सोडा दे. घोंगडं उचलू नको. दार उघडलं का गरमी जाते आत, सारं वाया जाते." मग मला म्हणाले, "वहिनी, पाच मिनिटं उभ्या राहा. शेठले फोन लावून येतो. कोनाले दार उघडू देऊ नका."

ते गेले आणि लवकर आलेच नाहीत. शेठनं फोनवर धरून ठेवलं होतं. एसटी येऊन लागली. उन्हानं लाल झालेला कंडक्टर सरळ आत आला आणि त्यानं फ्रीजच्या मुठीला हात घातला. दुकानदार बघत होता, उतरलेले लोक बघत होते. मी मध्ये उभी राहिले. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "दार उघडू नका. आत रात्र हाय."

कंडक्टरचा हात तसाच राहिला. "काय हाय?"

"रात्र. अजून संपली नाई."

सगळं दुकान हसलं. कंडक्टरही हसला. "घ्या," तो ड्रायव्हरला म्हणाला, "आपन दिवसभर उन्हात, अन् मारेगावात रात्र फ्रीजमंदी ठेवून राह्यले." पण त्यानं मूठ सोडली, साधा सोडा प्याला, आणि जाताना दुकानदाराला म्हणाला, "जपून ठेव रे. उन्हाळ्यात कामी येईन." भाऊ परत येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

फोटो झाला. नागपुरातून छापून आला तो गुंडाळा दोघांनी उचलावा लागला. खड्डे नव्हते, रवा नव्हता. मी माझ्या जन्मात इतके तारे पाहिले नाहीत, आणि मी तर त्यांच्याखालीच राहते.

भाऊ तो घेऊन शेठकडे गेले आणि संध्याकाळी तसाच परत घेऊन आले.

"शेठ म्हनते, बारीक ठिपके राह्यले. भिंतीले बुरशी आल्यावानी दिसते. फक्त मोठे तारे ठेवा, बाकी साफ निळं करा. मंग पूर्न पैसे." ते ओट्यावर बसले. मफलर काढून गुडघ्यावर ठेवला. मफलर काढलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. "थे बटन माया बी लॅपटॉपमंदी हाय, वहिनी. पैसे तुमच्या नावावर हाय. तुमी सांगा. दाबू का?"

माझ्या डोळ्यांपुढे लिलाबाईचा चष्मा आला, सोनाबाई आली, आमचे हे आले. दाबा म्हणावं असं अगदी जिभेवर आलं होतं. मी विचारलं, "दाबलं तं कोनते जातीन?"

त्यांनी गुंडाळ्याचं टोक उलगडलं आणि कृत्तिकांपाशी बोट फिरवलं. मोठ्या पाच-सहांच्या आजूबाजूला मोहरीएवढे कितीतरी. "हे सारे. अन् तिफणीखालचा हा धूर. हे रवा नाई. हे दर फोटोत जाग्यावर भेटले."

"मंग राहू द्या," मी म्हणाले. म्हणाले आणि लगेच मला थंडी वाजली. पण शब्द परत घेतला नाही. शेठनं मोबाईलवरचं कुठलंसं गुळगुळीत निळं आभाळ भिंतीला लावलं, असं नंतर कळलं.

पुढच्या बैठकीला भाऊ स्वतः आले. बायकांच्या बैठकीत पुरुष येत नाही, तर ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "पैसे नाई आले. वहिनीचा काई दोष नाई. फोटो पाह्यचा असन तं पाहा." आणि गुंडाळा आत ढकलून दिला. तो समाजमंदिरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलगडला. बायकांना पाय मागे घ्यावे लागले.

"आभाळ दळून देतं का आता मले?" सोनाबाई कडाडली. "त्याचं पीठ निघते का?"

"निघते," भाऊ म्हणाले. "पर मी नाई काढत."

कोणीतरी फिसकन हसलं. लिलाबाईनं टेबलावर हात आपटला. "हसू नका. पैसे कसे देतं, थे सांग."

"लग्नसराई येऊन राह्यली. लग्नाचे फोटो काढीन. सोडलं होतं मीनं, पर काढीन."

लिलाबाईच्या भाच्याचंच लग्न होतं. तिनं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नवरीच्या तोंडावरची पुटकुळी काढतं का नाई? का थे बी तारा हाय म्हनतं?"

"पुटकुळी काढीन. आठ दिवसाची पाव्हनी हाय थे. तीळ नाई काढनार. थो जल्माचा हाय."

"मंग ठीक हाय," लिलाबाई म्हणाली. सोनाबाई गुरगुरली, पण तिनं पावसाळ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. मला वाटतं, तोवर ती खाली वाकून तिफण शोधत होती.

तो उन्हाळा भाऊंनी लुनावर काढला. या मांडवातून त्या मांडवात, तेच दोन रंगांचे मोजे. दोन ठिकाणी भांडणं झाली. एका नवरीच्या मावशीनं पैसे अडवून ठेवले, रंग गोरा का नाही केला म्हणून. पण एका नवऱ्याची आजी अल्बम बघून म्हणाली की इतक्या लग्नांत पहिल्यांदा आपल्या घरचे लोक ओळखू आले. त्या आजीमुळे चार लग्नं जास्त मिळाली. दर बैठकीला ते दारात उभे राहून पैसे द्यायचे आणि जायचे. आमचे हे आधी खोचक बोलायचे, मग लुनाच्या मागे बसून दिवे धरायला जाऊ लागले.

आता भाऊ नागपूरला लेकीकडे असतात. तिथं तारे दिसत नाहीत, म्हणून ते लेकीच्या फ्रीजमध्ये कॅमेरा ठेवून झाकणाचेच फोटो काढतात, असं फोनवर सांगतात. खरं असेलही. तो कॅनव्हास सोनाबाईनं मागून घेतला. चक्कीच्या खोलीत लावला आहे. दळण घेऊन आलेली पोरं वर बघत उभी राहतात, आणि सोनाबाई म्हणते, "तोंड मिटा, पीठ जाईन."

पण ही चक्की आली ती नंतर. त्याआधीची शेवटची बैठक मला आठवते. लग्नघरांनी भाऊंना आहेराच्या पाकिटांतूनच पैसे दिले होते, ते त्यांनी तसेच आणले. काही पाकिटांवर अजून हळदीचे हात होते. लिलाबाईनं सगळी फोडली, नोटा लावल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. पाकिटांना चिकटवलेले रुपये बाजूला काढून भाऊंना परत दिले, "गट वरचा पैसा घेत नाई." भाऊंनी विचारलं, "व्याज?" ती म्हणाली, "व्याज बी आलं. पुरं झालं." सोनाबाईनं तिथल्या तिथं चक्कीवाल्याला फोन लावला.

सोनाबाई सांगते की त्या दिवशी समाजमंदिरातून घरी येताना मी सगळ्यांच्या पुढे चालत होते आणि मोठ्यानं बोलत होते. काय बोलत होते, ते तिला सांगता येत नाही. मलाही आठवत नाही. पैसे पूर्ण फिटले, एवढं पक्कं आठवतं.